उरलेले तीस टक्के

पनवेल-उरणच्या माणसाला टक्क्यांची भाषा शिकवावी लागत नाही. साडेबारा टक्के म्हटले की १९८४ चे जासईचे आंदोलन, दि. बा. पाटील आणि नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात त्या लढ्यातून पदरात पडलेला विकसित भूखंड हे सगळे न सांगता समोर उभे राहते. साडेबावीस टक्के म्हणजे नवी मुंबई विमानतळासाठी चिंचपाडा, कोपर, कोल्ही, तरघर, उलवे अशी दहा गावे उठली, त्यांचा मोबदला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली आणि या भागात आता तिसरा आकडा घरोघरी पोचतो आहे : सत्तर. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या लेखी परीक्षेत व्यावसायिक वैमानिक होऊ पाहणाऱ्याला प्रत्येक विषयात सत्तर टक्के गुण मिळवावे लागतात. बारावीला फिजिक्स-मॅथ्स घेतलेली मुलगी, भूखंडाच्या जिवावर उभी केलेली अर्ध्या कोटीच्या घरातली रक्कम, आणि दोहोंच्या मध्ये हा सत्तरचा उंबरठा.

सत्तरबद्दल आमची तक्रार नाही. चौकशी करायची आहे ती उरलेल्या तीसची.

शंभरातले तीस प्रश्न चुकवूनही उमेदवार उत्तीर्ण होतो, यात गैर काही नाही. परीक्षा म्हटली की कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण हवामानशास्त्रात चुकलेले ते तीस टक्के प्रश्न कोणते होते? ढगांच्या नावांचे, की गडगडाटी ढगाखाली अचानक पालटणाऱ्या वाऱ्याचे? पहिले विसरले तर हसू होते, दुसरे विसरले तर विमान जाते. हा फरक उड्डाण चाचणी घेणाऱ्या परीक्षकापर्यंत पोचत नाही. प्रशिक्षकाने मुद्दाम खोदून विचारले नाही तर त्यालाही कळत नाही. आणि पुढच्या पेपराच्या गडबडीत तो खुद्द उमेदवारालाही आठवत नाही. पास झाला, पुस्तक मिटले.

उड्डाण प्रशिक्षकांसाठी अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने, म्हणजे एफएएने, जी हस्तपुस्तिका काढली आहे तिच्यात शिकण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. पाठ असणे ही पहिली. समजणे ही दुसरी. समजलेले हाताने करून दाखवता येणे ही तिसरी. आणि एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणच्या शिकण्याशी जोडून, पूर्वी कधी न पाहिलेल्या प्रसंगात वापरता येणे ही चौथी. तसे यात नवे काही नाही. समर्थांनी दासबोधात पढतमूर्खाची लक्षणे स्वतंत्र समासात मांडली तेव्हा विमाने नव्हती. पहिल्या पायरीवर मुक्काम ठोकलेली माणसे मात्र होती.

पनवेलच्या हवेतलेच उदाहरण घेऊ. भाद्रपदातली सकाळ, पाऊस नुकताच थांबलेला, तापमान २६ अंश, खाडीवरून येणारा दमट वारा. अशा हवेत विमानाच्या इंजिनात बर्फ धरेल का? ज्याने प्रश्नपेढी पाठ केली आहे तो डोळे मिटून सांगेल : धरेल, कार्ब्युरेटर आयसिंग उबदार आणि दमट हवेतही होते. पहिली पायरी झाली. का धरेल, असे विचारले की बरेच जण थबकतात. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना हवेचा दाब उतरतो, शिवाय पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते, आणि दोन्ही मिळून आतले तापमान वीस-तीस अंशांनी सहज खाली येते. दमट हवेतले पाणी तिथेच गोठते आणि इंजिनाचा श्वास कोंडू लागतो. ही दुसरी पायरी. तिसरी प्रत्यक्ष विमानात. सेसना १५२ मध्ये इंजिनाचे फेरे हळूहळू उतरताना दिसले की कार्ब हीटची नॉब ओढायची. ती ओढल्यावर फेरे आणखी उतरतात, वितळलेले पाणी इंजिनात जाऊन ते खडखडते, आणि घाबरलेला विद्यार्थी नॉब परत आत ढकलतो. नेमकी तेव्हाच ती ओढलेली ठेवायची असते. पुस्तकात हे एका ओळीत आहे. हाताला ते त्या खडखडाटात बसून शिकावे लागते.

चौथी पायरी तर विमान सुरू करण्याच्या आधीची आहे. हवामानाच्या अहवालात तापमान २६ आणि दवबिंदू २४ दिसतो, म्हणजे हवा पाण्याने गच्च आहे. उतरताना थ्रॉटल कमी करणार, म्हणजे बर्फ धरायला सर्वांत सोयीची वेळ तीच. त्या वेळी खाली एका अंगाला खारफुटी, दुसऱ्या अंगाला डोंगर. इंजिन बंद पडलेच तर टेकायला सपाट जागा नाही. तेव्हा उंची थोडी जास्त राखायची आणि कार्ब हीट थ्रॉटलच्या आधी ओढायची. या एका निर्णयात हवामानशास्त्र आहे, इंजिनाचे ज्ञान आहे आणि नकाशावाचनही आहे. तर मग हा प्रश्न कुठल्या पेपरात विचारायचा?

उत्तर असे की कुठल्याच नाही. आपल्याकडे एअर नेव्हिगेशनचा पेपर वेगळा, हवामानशास्त्राचा वेगळा, एअर रेग्युलेशन्सचा वेगळा, विमानाच्या तांत्रिक माहितीचे सामान्य आणि विशिष्ट असे आणखी दोन. सगळे संगणकावर, पर्याय निवडण्याचे. एकेक पेपर सवडीने द्यायचा, एकेक सोडवून बाजूला ठेवायचा. नियम दिले, आता मेट. मेट काढले, आता नॅव्ह. मुले याला पेपर ‘काढणे’ म्हणतात ते अगदी यथार्थ आहे : काढला तो डोक्यातूनही निघाला. जी चौथी पायरी वैमानिकाला प्रवाशांसकट जमिनीवर आणते, ती विषय एकमेकांत मिसळण्यावर उभी आहे, आणि परीक्षेची रचना विषय एकमेकांत मिसळू नयेत अशीच आहे.

त्यामुळे बाजाराने जे करायचे ते केले. दिल्लीतल्या द्वारकेत, अंधेरीत आणि ऑनलाइन अशा सर्वत्र या पेपरांचे ग्राउंड क्लास चालतात. काही शिक्षक खरेच चांगले आहेत. निवृत्त वायुदल अधिकारी फळ्यावर वाऱ्याचा त्रिकोण काढतो तेव्हा तो डोळ्यांसमोर फिरू लागतो. पण गिऱ्हाईक त्यासाठी आलेले नसते. परीक्षा देऊन बाहेर पडलेल्यांना काय काय आठवते ते गोळा करायचे, त्याचा संच करायचा, पुढच्या तुकडीने तो पाठ करायचा. दहावीला ज्यांचे आईबाप ‘२१ अपेक्षित’वर तरले त्यांना हे ओळखीचे वाटेल. त्या संचाने कोणाचे नुकसान झाले नाही, कारण दहावीनंतर कोणी त्या ज्ञानावर दोनशे माणसांना घेऊन घाटावरून उतरणार नव्हते.

आपण आपल्यालाच फार झोडपू नये म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. शिकण्याच्या या चार पायऱ्या ज्या अमेरिकी प्रशिक्षकाला शिकवतात, त्याला त्यावर लेखी परीक्षाही द्यावी लागते. ती परीक्षा तो कशी देतो? चारही पायऱ्यांची आद्याक्षरे जोडून ‘आर-यू-ए-सी’ असा शब्द पाठ करतो, पर्याय निवडतो आणि पास होतो. पहिल्या पायरीच्या पुढे जा, असे सांगणाऱ्या धड्यातही जगभर पहिल्याच पायरीवरून उत्तीर्ण होता येते. घोकंपट्टी ही काही मेकॉलेने फक्त आपल्याच गळ्यात मारलेली नाही.

पण अमेरिकेच्या बाबतीत पुढची हकीकत अधिक बोलकी आहे, कारण तिथे परीक्षेनेच चुकीचे शिकवल्याचे उघड झाले आणि ते परीक्षा घेणाऱ्यांनी मान्य केले. विमानाचा पंख हवेच्या प्रवाहाशी फार मोठा कोन करू लागला की त्याच्यावरून वाहणारी हवा सुटते आणि तो विमान पेलेनासा होतो. याला स्टॉल म्हणतात. उपाय एकच, नाक खाली करून तो कोन कमी करणे. उंची गेली तरी चालेल, कोन आधी. प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला हे तोंडपाठ असते. मात्र कित्येक वर्षे चाचणीत परीक्षक पाहत असे ते हे, की स्टॉलच्या उंबरठ्यावरून विमान सावरताना उंची कमीत कमी गमावली का. मग वैमानिक काय शिकले? नाक फारसे खाली जाऊ द्यायचे नाही, इंजिनाची सगळी ताकद लावायची आणि उंची धरून ठेवायची. चाचणीत हे शोभून दिसे.

२००९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान उतरण्याच्या बेतात असताना स्टॉलचा इशारा आला आणि कॅप्टनने दांडी पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढली. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे पन्नास जण गेले. त्याच वर्षी १ जूनला रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान अटलांटिकवर होते. वेग मोजणाऱ्या नळ्यांमध्ये बर्फ धरला, वेगाचे आकडे खोटे येऊ लागले, ऑटोपायलट सुटला. स्टॉलचा इशारा कानाशी वाजत असताना सहवैमानिकाने नाक वर धरून ठेवले, आणि ३८ हजार फुटांवरून विमान पोटावर पडत पडत समुद्रात गेले. २२८ माणसे. फ्रेंच तपास अहवालाने नोंदवले की एवढ्या उंचीवर, वेगाचा भरवसा नसताना, विमान हाताने चालवण्याचे प्रशिक्षण त्या सहवैमानिकांना मिळालेलेच नव्हते. स्टॉलची व्याख्या त्यांना येत नसेल असे कोणी म्हणणार नाही.

कोलगनच्या अपघातानंतर अमेरिकी काँग्रेसने काय केले, तर सहवैमानिकालाही साधारणपणे १,५०० तासांची अट घातली. त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांचे तास त्याहून जास्त होते, ही गोष्ट कायदा करणाऱ्यांना अडचणीची वाटली नसावी. राजकारण्यांना तास मोजता येतात, म्हणून ते तास वाढवतात. आपलेही तसेच : व्यावसायिक परवान्याला दोनशे तास, त्यांत शंभर तास पायलट-इन-कमांड म्हणून, पाच तास रात्रीचे. या तासांत काय घडले हे लॉगबुकातल्या आकड्यांवरून कळत नाही. तोच एक तास दोनशे वेळा उडालेला वैमानिकही नियमाप्रमाणे दोनशे तासांचाच.

शहाणपणाचे काम २०१२ मध्ये एफएएच्या एका सल्लापत्रकाने केले. स्टॉलमधून सावरताना आधी कोन कमी करा, किती उंची गेली यावर गुण कापू नका, असे त्यात परीक्षकांनाच बजावले. परीक्षकाची फूटपट्टी बदलली तेव्हा शिकवणे बदलले. त्याआधी २०११ मध्ये काही लेखी परीक्षांचे प्रश्न न सांगता पालटण्यात आले आणि नापासांचे प्रमाण एकाएकी वाढले, तेव्हा इतकी वर्षे मुले विषय शिकत होती की प्रश्न, हे सगळ्यांनाच दिसले. ओरड झाली, समित्या बसल्या आणि जून २०१६ पासून नवी मानके आली. त्यांत प्रत्येक कौशल्याला तीन अंगे आहेत : माहिती, हात, आणि धोका ओळखण्याची अक्कल. लेखी परीक्षेच्या निकालपत्रावर चुकलेल्या मुद्द्यांचे संकेतांक छापलेले असतात. प्रशिक्षकाने ते मुद्दे पुन्हा शिकवायचे, आणि चाचणीच्या दिवशी परीक्षकाने तोंडी परीक्षेत नेमके तेच विचारायचे. तिथेही उत्तीर्ण व्हायला सत्तरच टक्के लागतात, पण उरलेले तीस उमेदवाराच्या मागे मागे परीक्षकाच्या टेबलापर्यंत येतात.

आपल्याकडे २०११ साल वेगळ्या कारणाने गाजले. जानेवारीत गोव्याला एक प्रवासी विमान मुख्य चाकांऐवजी पुढच्या चाकावर उतरवले गेले. चौकशी झाली, धागा निघाला, आणि त्या वैमानिकाने कॅप्टन होण्यासाठी दिलेली गुणपत्रिकाच बनावट असल्याचे आढळले. मार्चमध्ये अटक झाली. मग एकामागून एक परवाने तपासले गेले, आणखी बनावट गुणपत्रिका सापडल्या. राजस्थानात तर न उडालेले तास लॉगबुकात उडाल्याचे निघाले. वर्तमानपत्रांनी तो विषय महिनाभर लावून धरला आणि ते योग्यच झाले. फक्त एक प्रश्न राहून गेला. बनावट गुणपत्रिका काय लपवते हे कळले. अस्सल गुणपत्रिका काय सांगते, याची विचारणा कोणी केली नाही.

ती विचारणा आता निकडीची आहे, कारण संख्या फुगते आहे. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. त्याच वर्षी डीजीसीएने १,६२२ व्यावसायिक परवाने दिले, तो तोवरचा उच्चांक होता. महाराष्ट्रात बारामती, गोंदियाजवळचे बिरसी, शिरपूर, धुळे, नागपूर अशी प्रशिक्षणाची ठिकाणे आहेत. अमरावतीच्या बेलोऱ्याला एअर इंडिया ३४ विमानांची संस्था उभारणार, वर्षाला १८० वैमानिक काढणार, असे २०२४ मध्ये जाहीर झाले. ‘काढणार’ हे क्रियापद इथेही आलेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात एकाच संस्थेची दोन शिकाऊ विमाने चार दिवसांत पडली आणि त्या संस्थेचे प्रशिक्षण डीजीसीएला थांबवावे लागले. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०२५ पासून, डीजीसीएने प्रशिक्षण संस्थांची श्रेणीवारी सुरू केली. पहिल्या यादीत ३५ संस्था होत्या. त्यांतली एकही ‘ए प्लस’ नाही, एकही ‘ए’ नाही. तेरा ‘बी’त, बावीस ‘सी’त. हा निकाल प्रामाणिकपणे प्रसिद्ध केल्याबद्दल डीजीसीएचे अभिनंदनच करावे लागेल. आपल्या विद्यापीठांना हे जमलेले नाही.

आणि या संस्थांत शिकवते कोण? वायुदलातून वा एअरलाइनमधून आलेला मुरलेला मुख्य प्रशिक्षक असतो, पण रोजच्या उड्डाणांना शेजारी बसतो तो पुष्कळदा परवाना नुकताच हाती आलेला आणि एअरलाइनच्या बोलावण्याची वाट पाहणारा तरुण. त्याचे एक लक्ष विद्यार्थ्याच्या हाताकडे, दुसरे स्वतःच्या तासांच्या बेरजेकडे. त्याला दोष कसला द्यायचा? त्याचे स्वतःचे कर्ज फिटलेले नसते. शिवाय उड्डाण चाचणीचा परीक्षक अनेकदा त्याच संस्थेचा मुख्य प्रशिक्षक असतो. ज्याने शिकवले त्यानेच तपासायचे, आणि विद्यार्थी अडकला तर विमान, वेळ आणि फी या तिन्हींचा हिशेब त्याच संस्थेत चुकणार. अशा परीक्षेत आकृत्या बरोबर निघतात. वळण तीस अंशांचे घे म्हटले की तीस अंशांचे निघते. तिसरी पायरी तपासली जाते. चौथीचे काय, हा प्रश्न परीक्षकाच्या मर्जीवर.

चौथी कशी तपासता येते? फार खटाटोप नाही. उमेदवारासमोर नकाशा ठेवायचा आणि सांगायचे : जूनचा दुसरा आठवडा आहे, तू एकट्याने बारामतीहून पश्चिमेला निघाला आहेस, खंडाळ्याच्या कड्यापर्यंत ऊन आहे. पुढे पनवेलच्या बाजूला ढग असे भरले आहेत की कर्नाळ्याचा सुळका दिसत नाही, प्रबळगड अर्धा दिसतो. दृश्य उड्डाणाला ५ किलोमीटर दृश्यमानता हवी, ढगापासून आडवे १,५०० मीटर आणि उभे ३०० मीटर अंतर हवे, हे तुला पाठ आहे. आता खिडकीतून पाहून सांग, हे १,५०० मीटर आहेत की ८००? घाट उतरलास आणि मागे ढग मिटला तर परत कुठून चढशील? समोर मुंबईचे नियंत्रित हवाई क्षेत्र आहे, त्यात कोणाला विचारून शिरशील? इंधन किती उरले, आणि ते परतीला पुरेल का? वीस मिनिटांच्या या गप्पांत पाचही पेपर एकदम तपासून होतात. सर्वांत चांगले उत्तर बहुधा असे, की मी खंडाळ्याच्या अलीकडूनच मागे वळलो असतो. चार पर्यायांत हे उत्तर क्वचितच दिलेले असते.

आरटीआर ही रेडिओ संभाषणाची परीक्षा मुलांना सगळ्यांत जास्त धास्तीची का वाटत आली, याचे कारणही हेच. तिच्यात तोंडी भाग होता आणि समोर माणूस बसत असे. अर्थात त्याचीही पाठ करायची संवादपुस्तके निघाली. माणूस समोर असला की निदान पुढचा प्रश्न बदलता येतो.

इथवर वाचून कोणाला वाटेल की चौथी पायरी एकदा गाठली की झाले. तसे असते तर ७ ऑगस्ट २०२० ची रात्र तशी गेली नसती. दुबईहून कोझिकोडला आलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानाचे कॅप्टन दीपक साठे हे वायुदलात चाचणी वैमानिक राहिलेले, प्रशिक्षणात स्वोर्ड ऑफ ऑनर मिळवलेले. या देशात चौथ्या पायरीवर कोण आहे असे विचारले असते तर त्यांच्याकडे बोट दाखवले गेले असते. पाऊस होता, वायपर नीट चालत नव्हता, वारा पाठीमागून होता, धावपट्टी पठारावरची. विमान धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकले आणि पुढच्या घळीत गेले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण दगावले, १६९ वाचले. अस्थिर अवस्थेत उतरणे चालू ठेवले गेले, सहवैमानिकाने ‘गो अराउंड’, म्हणजे विमान पुन्हा वर न्या, असे म्हटल्यावरही, असे तपास अहवालाने म्हटले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण त्यांच्याच नावावर लागलेले होते, तिथे पुरेसे कॅप्टन नव्हते, हेही त्याच अहवालाने म्हटले. एवढ्या मोठ्या वैमानिकाच्या शेजारी बसलेल्या धाकट्याने आवाज चढवून, गरज पडली तर स्वतः दांडी हातात घेऊन विमान वर न्यावे, हे त्या धाकट्याला कोणी, कधी, कुठल्या परीक्षेत विचारले होते? नियम त्याला माहीत होता. तो त्याने उच्चारलाही. आपल्याकडे वडीलधाऱ्यापुढे बोलणे हाही विषय आहे आणि त्याचा पेपर नाही.

याच्या उलट ११ सप्टेंबर २०१८. दिल्लीहून न्यूयॉर्कला पोचलेले एअर इंडियाचे १०१ क्रमांकाचे बोइंग ७७७, आत ३७० च्या वर माणसे, ढग खूप खाली, इंधन कमी होत चाललेले. आणि विमानाला अचूक खाली आणणारी आयएलएस यंत्रणा, टक्कर टाळणारी यंत्रणा, उंची मोजणारा एक रडार अशी साधने एकामागून एक दगा देत गेली. एवढे सगळे एकत्र बिघडल्यावर काय करावे याची यादी कुठल्याच पुस्तकात नव्हती. कॅप्टन रुस्तम पालिया आणि सहकाऱ्यांनी काय गेले याचा घोळ न घालता काय उरले आहे ते जोडत नेले, नियंत्रकाकडून आसपासच्या प्रत्येक विमानतळाचे हवामान विचारून घेतले आणि नेवार्कला विमान सुखरूप टेकवले. संभाषणाची ध्वनिफीत पुढे जगभर ऐकली गेली. तिच्यात कोणाचाही आवाज चढलेला नाही.

डीजीसीएकडे मागणी मोठी नाही. उड्डाण चाचणीचा परीक्षक दुसऱ्या संस्थेतून यावा. चाचणीआधी तासभर तोंडी परीक्षा व्हावी, तीही नकाशा पुढ्यात ठेवून आणि विषय मिसळून. आणि लेखी परीक्षेत जे चुकले ते त्या परीक्षकाच्या हाती पडावे. पहिल्या दोन गोष्टींना माणसे लागतील, पैसे लागतील, संस्थांचे मालक दिल्लीला खेपा घालतील, हे धरून चालू. तिसरीला यांतले काहीच लागत नाही. परीक्षा संगणकावर होते. कोणत्या उमेदवाराने कोणता प्रश्न चुकवला ही नोंद पेपर संपतो त्या क्षणी तयार असते; गुणांची बेरीज तिच्यावरूनच होते. बेरीज छापतात, नोंद छापत नाहीत.